एक्क्याण्णवची चिप

"हे बिघडलेलं आहे, असं लेखी हवंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कापडी पिशवीतून वहीएवढा काळा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"तपासायच्या आधीच?"

"तपासूनच द्या की. पण बिघडलेलं आहे."

ऑक्टोबर २००९, मंगळवार. कराडच्या एका तंत्रनिकेतनात मी इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळत होते. डबा म्हणजे १९८३ सालचा परदेशी घरगुती कॉम्प्युटर होता. रबरी बटणं, स्वतःचा पडदा नाही, घरातल्या टीव्हीला जोडायचा, प्रोग्राम कॅसेटवरून चढवायचे. असली यंत्रं दुरुस्त करणारं गावात दुसरं कोणी नव्हतं, आणि मीही ते हौसेपोटीच करत असे.

पिशवीत एक कॅसेट आणि एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवरचं अक्षर मी लगेच ओळखलं. वामनराव उपळेकर गुरुजींनी सातवीत मला गणित शिकवलं होतं. 'चि. घोडके, यंत्राची स्मृती सदोष असावी असा माझा कयास आहे. तपासून शनिवारच्या सभेपूर्वी अहवाल द्यावा.'

"तुम्ही गुरुजींच्या कोण?"

"मी हेमलता तोडकर."

मी वर पाहिलं. त्यांना त्याची सवय असावी.

"हो, तीच," त्या म्हणाल्या. "अंगारकी घालवली ती."

चाळिशीच्या पुढच्या कुणालाही हे सांगावं लागत नव्हतं. गणपती मंदिराची समिती दरवर्षी भिंतीवरची दिनदर्शिका काढायची. तिथी उपळेकर गुरुजी मांडून देत. आकडे या कॉम्प्युटरमध्ये भरायला त्यांनी १९८४ साली एकवीस वर्षांच्या हेमलताला मदतीला घेतलं. १९८५च्या दिनदर्शिकेत एक संकष्टी बुधवारी छापली गेली. ती होती मंगळवारी, म्हणजे अंगारकी होती. निम्म्या गावानं मंगळवारी दोन्ही वेळा जेवून बुधवारी उपास धरला, आणि सांगलीच्या पाहुण्यांनी त्यांना वेड्यात काढलं. समितीनं जाहीर केलं की आकडे भरणाऱ्या मुलीनं चुकीचा आकडा भरला. पेठेत लोक त्याच्याही पुढे गेले. दुसऱ्या दिनदर्शिकेवाल्यांनी पोरगी फितवली, असं आमच्या घरीसुद्धा बोललेलं मला आठवत होतं.

"शनिवारी कसली सभा आहे?"

"गुरुजींना आता वाचता येत नाही नीट. पुढच्या वर्षापासून तिथी कोणी मांडायच्या ते ठरणार. त्यांनी माझं नाव सुचवलंय. अध्यक्ष म्हणाले, त्या बाईला आत घ्यायचं तर आधी पंच्याऐंशीचा काय तो निकाल लावा."

"आणि तुम्हाला तिथी मांडता येतात?"

"चोवीस वर्षं मांडतेय. घरी, वहीत. कुणाला दाखवल्या नाहीत, एवढंच."

बुधवारी सकाळी मी डबा उघडला. आधी वीज. पुरवठ्याचा एक कपॅसिटर वाळून गेला होता, तो बदलला. टीव्हीवर पांढरा पडदा आणि खाली एक ओळ आली. यंत्र जिवंत होतं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, आणि मग पडद्यावर ठिपके उमटायला लागले. उभ्या रांगेत, सारख्या अंतरावर. मी छोटीशी बेरीज करायला सांगितली. उत्तर आठानं चुकलं.

यात गूढ काही नव्हतं. या यंत्राची स्मृती आठ चिपांच्या एका रांगेत असते. प्रत्येक चिप आकड्याचा एकेक हिस्सा धरून ठेवते. एक चिप तापली की विसरत होती. मी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस एकेका चिपेवर टेकवत गेले. पाचवी थंड केली तसे ठिपके गेले. कापूस काढला, दोन मिनिटांत परत आले. तीनदा करून पाहिलं. तीनही वेळा तेच.

गुरुजींचा कयास बरोबर होता. हेमलताबाई निर्दोष ठरत होत्या. अकरा वाजायच्या आत माझं काम झालं होतं, आणि मला तेच खटकलं. जुन्या यंत्रातला दोष इतक्या सोयीनं हाती लागत नाही.

मी भिंग घेतलं. सात चिपा कारखान्यातच कथील वितळवून झाळलेल्या, म्हणजे सोल्डर केलेल्या होत्या, त्यांचं झाळण काळपट पडलेलं. पाचवी मात्र सॉकेटमध्ये बसवलेली होती आणि सॉकेटचं झाळण आरशासारखं चकचकीत होतं. चिपेच्या पाठीवर बारीक आकडे असतात, साल आणि आठवडा. सातांवर ८३चे आकडे होते. पाचवीवर होतं ९११४.

एक्क्याण्णव सालचा चौदावा आठवडा. चूक झाली पंच्याऐंशीत. ही चिप तेव्हा जन्मलीच नव्हती.

म्हणजे कुणीतरी चांगली चिप काढून तिथे मुद्दाम खराब चिप बसवली होती, आणि झाळणावरून ते काम काही महिन्यांपलीकडचं नव्हतं. मी कागदावर दोन प्रश्न लिहिले. फायदा कोणाचा? झाळकाम कोणाला येतं? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे होतं. दुसऱ्यासाठी मी हेमलताबाईंना गुरुवारी दुपारी बोलावून घेतलं.

त्या कामावरूनच आल्या. निळा ॲप्रन घडी करून हातात.

"कुठे असता तुम्ही कामाला?"

"ओगलेवाडीच्या रस्त्याला. स्टॅबिलायझर बनवतात तिथं."

"तिथे काय करता?"

"आधी कॉइल गुंडाळायची. आता झाळकामाला आहे. बारा वर्षं." त्यांनी बोटं पुढे केली. टोकांवर जुने पांढरे डाग होते. "का हो?"

मी डबा त्यांच्यासमोर सरकवला आणि भिंग हातात दिलं. "पाचवी चिप बघा. काय वाटतं?"

त्यांनी नीट पाहिलं. मी त्यांचा चेहरा पाहत होते.

"चांगलं झाळलंय," त्या म्हणाल्या. "पण घाई केलेली आहे. दोन पायांवर कथील जास्त झालंय."

"वरचे आकडे वाचा."

त्यांनी वाचले. त्या आकड्यांचा अर्थ मी सांगितला. त्या सावकाश खुर्चीत मागे टेकल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की मी गप्प का आहे.

"तुम्हाला वाटतं हे मी केलं."

"हे यंत्र तुम्हीच घेऊन आलात."

"गुरुजींच्या घरून आणलं, सोमवारी संध्याकाळी. त्याआधी चोवीस वर्षांत मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं." आवाज चढला नाही. "आणि मी केलं असतं तर पंच्याऐंशीच्या आधीची चिप शोधली असती की मॅडम. आमच्या भंगारात ढिगानं पडल्यात."

"तुम्हाला आकड्यांचा अर्थ माहीत नसेल."

"मला आकड्यांचा अर्थ माहीत नसेल," त्यांनी माझंच वाक्य परत म्हटलं आणि उठल्या. दारात थांबल्या. "पेठेत पण असंच झालं होतं. सगळ्यांनी आधी ठरवलं आणि मग मला विचारलं. तुम्ही ती कॅसेट चालवून बघितली का?"

"गरज काय? स्मृतीच खराब आहे."

"मग चांगली घाला आणि बघा. त्यात माझे आकडे आहेत, मी भरलेले. मी तेरा भरले होते. पडद्यावर बाराच दिसत होते. हे मी तेव्हाही सांगितलं होतं."

तेराचा अर्थ मला लागला नाही. त्या निघून गेल्यावर मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. माझा संशय पक्काच होता. भंगारात चिपा ढिगानं पडलेल्या असतात, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

तरी शुक्रवारी सकाळी मी कपाटातल्या एका मेलेल्या यंत्रातून ८३ सालची चिप काढली, तासभर तापवून तपासली, आणि सॉकेटमध्ये बसवली. मग कॅसेट. तिचा आवाज घरघरत होता, दोनदा प्रोग्राम चढता चढता कोसळला. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसल्यावर तिसऱ्या वेळी चढला. पडद्यावर गुरुजींचं नाव आणि १९८५ हा आकडा आला. मी संकष्ट्यांची यादी मागितली.

बुधवार.

यंत्र थंड होतं, चिप चांगली होती, पडद्यावर एकही ठिपका नव्हता, आणि उत्तर तेच आलं. मी अर्धा तास थांबले, पुन्हा मागितलं. बुधवार.

आता उरले होते आकडे आणि प्रोग्राम. आकड्यांनी चूक केली असेल तर ती हेमलताबाईंची. मी प्रोग्राम ओळीओळीनं वाचायला घेतला. लिहिणारा नेटका माणूस होता. दर चार ओळींनंतर स्वतःसाठी टीप होती. संकष्टीचा नियम एका टिपेत सापडला: चंद्र उगवताना चतुर्थी असेल तो दिवस धरावा. म्हणून दर महिन्याच्या चतुर्थीला चंद्र किती वाजता उगवतो तो आकडा भरायचा होता. त्यासाठी गुरुजींनी प्रोग्राममध्ये घरं केली होती. एका महिन्याला एक घर.

बारा घरं.

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत बसले. मग ग्रंथालयात जाऊन १९८५चं जुनं पंचांग काढून घेतलं. त्या वर्षी अधिक महिना होता. एकाच नावाचे दोन महिने, आधी अधिक आणि मग निज. म्हणून संकष्ट्या तेरा. गुरुजींनी तेरा आकडे लिहून दिले, मुलीनं तेरा भरले. एका नावाचे दोन आकडे एकाच घरात गेले आणि दुसऱ्यानं पहिल्याला पुसून टाकलं. यंत्रानं तक्रार केली नाही, कारण त्याला तसं सांगितलेलंच नव्हतं.

अधिक महिन्यातल्या त्या मंगळवारी चतुर्थी रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी लागत होती. चंद्र उगवत होता नऊ पंचवीसला. म्हणजे मंगळवारीच संकष्टी. पण यंत्राकडे उरला होता पुढच्या महिन्याचा आकडा, आठ पन्नास. आठ पन्नासला चतुर्थी लागलेलीच नव्हती. म्हणून त्यानं बुधवार सांगितला.

मुलीनं एकही आकडा चुकवला नव्हता.

मी डबा पिशवीत घातला आणि गुरुजींकडे गेले. ते पलंगावर पाय सोडून बसले होते. वय एक्क्याऐंशी, चष्मा कपाळावर, आवाज मात्र वर्गातला.

"ये घोडके. सापडली ना खराब चिप?"

"सापडली."

"मग तेवढं लिही. बाकी फापटपसारा नको. अहवाल म्हणजे निबंध नव्हे."

"ती चिप एक्क्याण्णवची आहे, गुरुजी."

बाहेर कुणीतरी नळाखाली बादली लावली, तिचा आवाज भरेपर्यंत येत राहिला.

"पाठीवर आकडे असतात," मी म्हणाले. "साल आणि आठवडा."

"ते मला कोणी सांगितलं नाही."

"कुणी बसवून दिली?"

"कोल्हापुरात. एका दुकानदारानं. मी म्हटलं, प्रदर्शनात मुलांना दाखवायचंय, यंत्र कसं चुकतं ते." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा कपाळावरच ठेवला. "तुझ्या बाकी लक्षात आलंच असेल."

"बारा घरं."

"मला सत्त्याऐंशीत कळलं. पुढचा अधिक महिना मांडताना. तेव्हा ती निघून गेली होती, लोक विसरायला लागले होते."

"लोक विसरले नाहीत, गुरुजी. माझ्या घरी विसरले नव्हते."

"म्हणून तर आता करतोय ना! तिचं भलं व्हावं म्हणूनच करतोय. यंत्राला अब्रू आहे का? त्याच्यावर ढकललं तर कुणाचं काय गेलं?"

"तिचं भलं करायला चूक तुमची होती एवढं म्हणणं पुरलं असतं."

"पुरलं असतं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं या गावातली पोरं माझ्या हातून गेली. गणित म्हटलं की उपळेकर. तू ये एकदा एक्क्याऐंशीत, मग सांग." मग त्यांचा सूर बदलला, मास्तर हिशेब तपासतो तसा झाला. "आणि तू सगळं लिहिलंस, चिप मागाहून बसवली हेही लिहिलंस, तर पहिला संशय कोणावर जाईल? झाळकाम तिला येतं. फायदा तिचा. तुझा गेला की नाही? खरं सांग."

मी खरं सांगितलं. "गेला."

"मग? माझ्या चिपेनं तिचं काम होतंय. तुझ्या सगळ्या सत्यानं तिचं वाटोळं होईल. विचार कर. चिप खराब आहे, यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. एका वाक्याचा अहवाल, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा. घरी जाताना मी ते वाक्य मनात चार वेळा लिहिलं.

शनिवारी सकाळी मी हेमलताबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं, बारा घरांपासून कोल्हापूरच्या दुकानदारापर्यंत.

"म्हणजे मी बरोबर भरले होते," त्या म्हणाल्या.

"तेराही."

"मला मधूनमधून वाटायचं, एखादा चुकला असेल. रात्री उठून परत मांडून बघायची."

"बाई, गुरुवारी मी जे बोलले..."

"ते राहू द्या. अहवालात काय लिहिणार?"

"तुम्ही सांगा. चिपेचं एकच वाक्य लिहिलं तर तुमचं काम नक्की होईल. सगळं लिहिलं तर काय होईल मला माहीत नाही. गुरुजींनी स्वतःहून कबूल केलं नाही तर कोल्हापूरचं मी सिद्ध करू शकत नाही."

"जे तुमच्या टेबलावर दिसलं ते लिहा," त्या म्हणाल्या. "ऐकलेलं नको. दिसलेलं सगळं."

सभा मंदिराच्या मागच्या खोलीत, पाच वाजता. समितीचे सात जण सतरंजीवर, गुरुजींसाठी भिंतीशी खुर्ची, हेमलताबाई दाराजवळ. अध्यक्ष शामराव पिसाळ ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे व्यापारी होते. माझा अहवाल त्यांनी स्वतः मोठ्यानं वाचला. तीन वाक्यं होती. पाचवी चिप सदोष आहे. ती १९९१ साली बनलेली असून अलीकडे बसवलेली आहे. निर्दोष चिप बसवून मूळ कॅसेट चालवली असता उत्तर तेच, बुधवार, येते.

पिसाळांनी कागद खाली ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, एक्क्याण्णवचा पार्ट पंच्याऐंशीत कसा काय बिघडला?"

"नाही बिघडला."

"म्हणजे कुणीतरी आत्ता बसवला. यंत्रावर बिल फाडायला."

"बसवला, एवढं दिसतं. कुणी, ते यंत्रात दिसत नाही."

"आम्हाला दिसतंय की." ते दाराकडे वळले. "काय ओ तोडकरबाई, तुम्ही कामाला कुठं असता? झाळायला ना?"

सतरंजीवर कुणीतरी हसलं. एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "तेव्हा आकडे फिरवले, आता पार्ट फिरवला." मी गुरुजींकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, काठीवर दोन्ही हात. मी तोंड उघडणार तेवढ्यात हेमलताबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. नको.

त्या उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून बोलल्या.

"हो, झाळायला असते. अध्यक्षसाहेब, मला गुरुजींना एक विचारायचंय. विचारू का?"

"विचारा."

"गुरुजी, पंच्याऐंशी साली संकष्ट्या किती होत्या?"

गुरुजींची मान वळली. प्रश्न सोपा होता. पंचांग चाळणारा कुणीही सांगेल असा. खोलीतल्या कुणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

"तेरा," ते म्हणाले.

"आणि तुमच्या प्रोग्रामात घरं किती होती?"

पिसाळ म्हणाले, "कसली घरं? काय चाललंय हे?"

गुरुजींचे ओठ हलले, थांबले. मी त्यांना सातवीपासून ओळखत होते. वर्गात त्यांनी पोरांना मारलं, रडवलं, पण फळ्यावर आकडा कधी खोटा लिहिला नाही. आता त्यांना तो लिहावा लागणार होता, नाहीतर गप्प बसावं लागणार होतं. ते गप्प बसले असते तर सभा तिथेच संपली असती.

"बारा," गुरुजी म्हणाले.

मग काठी टेकून उभे राहिले. आधार द्यायला एकजण उठला, त्याला हातानं बाजूला केलं. "शामराव, लिहून घ्या. चूक माझ्या मांडणीत होती. हिनं तेरा आकडे बरोबर भरले. बारा दिसतात असं मला येऊन सांगितलंही होतं. मी म्हणालो, तुला काय कळतंय, सांगितलंय तेवढं कर. मला सत्त्याऐंशी सालापासून माहीत आहे. आणि ती चिप मी बसवून घेतली. कोल्हापुरात. दुकानदाराचं नाव देतो."

गुरुजी बसले नाहीत, जणू कुणीतरी बसा म्हणण्याची वाट पाहत होते. कुणी म्हणालं नाही.

पिसाळांनी अहवालाची घडी घातली. व्यवहारी माणूस होते ते. "बरं. झालं गेलं. तोडकरबाई, छपाईला वेळ कमी आहे. पुढच्या वर्षी परत अधिक महिना आहे म्हणतात. तुम्ही घ्या मांडायला. सोमवारपासून."

"घेईन," हेमलताबाई म्हणाल्या. "पण आत्ता गुरुजी बोलले ते आधी छापा. पेपरात, मंदिरात, सगळीकडे. त्यांच्या सहीनं."

"आता? चोवीस वर्षांनी?" पिसाळ वैतागले. "अहो, निम्मी माणसं गेली त्यातली. कोण वाचणार ते?"

"मी वाचीन," त्या म्हणाल्या.